पाकीट उघडा, पण चौकटीत खूण करू नका : तोक्योतल्या आपल्या माणसांसाठी

निशिकासाईची_अनघा | ७ जून २०२०, रात्री १०:४०

काल संध्याकाळी आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे आचारीकाका दारात उभे. हातात कुयाकुशोचं, म्हणजे इथल्या प्रभाग कार्यालयाचं, पाकीट, डिंक लावून बंद केलेलं. "ताई, पेटीत टाकायला निघालोच होतो. म्हटलं, टाकण्याआधी एकदा तुमची नजर पडू दे."

पाकीट वाफेवर धरून उघडलं. आत कोरोनाच्या साथीमुळे सरकार देत असलेल्या माणशी १ लाख येनच्या मदतीचा अर्ज. कुटुंबातली चारही नावं छापून आलेली, जन्मतारखा बरोबर. आणि प्रत्येक नावापुढच्या छोट्या चौकटीत काकांनी निळ्या पेनाने ठसठशीत खूण केलेली. "चौघांनाही पाहिजेत ना, म्हणून चौघांपुढे केली."

त्या चौकटीचा अर्थ नेमका उलटा आहे. ज्याला पैसे *नको* असतील त्याने तिथे खूण करायची. पाकीट तसंच गेलं असतं, तर सांगोल्याहून इथे येऊन अकरा वर्षं तंदुरीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाने स्वतःच्या सहीने ४ लाख येन नाकारले असते. दुकान एप्रिलपासून जवळजवळ बंद, मालक अर्धाच पगार देतोय. मला रात्री झोप लागली नाही. काका निदान विचारायला आले. न विचारता किती जणांनी पाकीट टाकलं असेल?

म्हणून हा धागा. मी नऊ वर्षं इथल्या एका करसल्लागाराच्या कचेरीत काम करते. सरकारी फॉर्म हा माझा रोजचा विषय आहे. मला माहीत आहे ते लिहिते, तुम्ही भर घाला. जपानी वाचता न येणारा कोणी ओळखीत असेल तर त्याला हे नुसतं पाठवू नका, शेजारी बसून वाचून दाखवा.

१ लाख येनची मदत. २७ एप्रिल २०२० या दिवशी ज्याचं नाव इथल्या रहिवासी नोंदवहीत, म्हणजे ज्यूमिनह्योमध्ये होतं, त्या प्रत्येकाला ती मिळते. पासपोर्ट कुठला, व्हिसा कुठला, पगार किती, याचा काही संबंध नाही. त्या दिवशी नोंद असलेलं तान्हं बाळही धरलं जातं. बायको-मुलं मार्चमध्ये पुण्याला गेली आणि तिथेच अडकली, पण जाताना घर सोडल्याची नोंद केली नव्हती, तर नोंदवहीत ती इथेच आहेत. त्यांचेही मिळतात. पर्यटक म्हणून तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना मात्र नाही, कारण त्यांची नोंदच होत नाही.

पैसे सगळ्या घराचे मिळून सेताइनुशीच्या, म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या खात्यात येतात. फॉर्मवर सही त्याची, ओळखपत्राची प्रत त्याची, पासबुकाची प्रत त्याची. कुयाकुशोने टपालाने अर्ज घ्यायला सुरुवात केली त्या दिवसापासून तीन महिने मुदत.

आपल्या लोकांची गाडी हमखास अडते ती नावापाशी. झाइर्यू कार्डावर, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रावर, आडनाव, नाव आणि मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, असं सगळं रोमन अक्षरांत. बँकेत खातं उघडताना कोणी मधलं नाव गाळलं, कोणाचं काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, अर्ध्यावर कापलं गेलं, कोणाचा क्रम उलटा झाला. फॉर्मवर तुम्हाला काय म्हणतात ते लिहू नका, पासबुकाच्या आतल्या पहिल्या पानावर काताकानात जे छापलंय तेच, तसंच्या तसं, मधल्या मोकळ्या जागेसकट लिहा. काकांच्या पासबुकात वडिलांच्या नावाची शेवटची दोन अक्षरं नाहीत. आम्हीही ती लिहिली नाहीत.

चूक झालीच असेल तर : पाकीट हातात असेल तर खाडाखोड करत बसू नका, कुयाकुशोला फोन करून नवा फॉर्म मागा. टाकून बसला असाल तर उद्या सकाळी साडेआठला फोन लावा. जपानी येणारं माणूस शेजारी बसवा, लाजू नका.

आणि एक. कुयाकुशोतून बोलतोय, एटीएमपाशी जा, अमुक बटण दाबा, असा फोन आला की ठेवून द्या. असं कोणीही सरकारी माणूस सांगत नाही. तुमचा पिनही विचारत नाही.

दुकान, उपाहारगृह, छोटा धंदा असणाऱ्यांसाठी. जिझोकुका क्यूफुकिन नावाची मदत १ मेपासून सुरू आहे. या वर्षातल्या कुठल्याही एका महिन्याची विक्री गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटली असेल तर कंपनीला २० लाख येनपर्यंत, एकट्याच्या नावावर धंदा असेल तर १० लाखांपर्यंत. हे कर्ज नाही, परत करायचं नाही. हिशेब असा : गेल्या वर्षीची एकूण विक्री, वजा घटलेल्या महिन्याची विक्री गुणिले १२. समजा एकट्याच्या नावावरचा डबेवाला धंदा, गेल्या वर्षी ९६ लाखांची विक्री, या एप्रिलमध्ये ३ लाख. तीन बारे छत्तीस. ९६ वजा ३६, म्हणजे ६० लाख. मर्यादा १० लाखांची, म्हणून १० लाख. अर्ज ऑनलाइनच करायचा. लागतात त्या गोष्टी मोजक्या : गेल्या वर्षीच्या काकुतेई शिन्कोकुची, म्हणजे कर-विवरणाची, प्रत, घटलेल्या महिन्याचा विक्रीचा हिशेब, पासबुकाचे फोटो, ओळखपत्र. झाइर्यू कार्ड चालतं. मुदत पुढच्या वर्षी १५ जानेवारीपर्यंत आहे, पण पैशाची गरज आज आहे, म्हणून थांबू नका.

हे पैसे त्यालाच मिळतात ज्याने गेल्या वर्षीचं कर-विवरण भरलंय. रोख विक्री वहीत न लिहिणाऱ्यांना माझा राग नाही, पण आज त्यांच्यासाठी मी काहीच करू शकत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. परवाच एका ताईंना हे सांगावं लागलं.

तोक्योची स्वतःची वेगळी मदत आहे : रात्री आठनंतर उघडं असणारं उपाहारगृह ज्यांनी सरकारच्या विनंतीवरून आठला बंद केलं, त्यांना एका दुकानाला ५ लाख, दोन किंवा जास्त असतील तर १० लाख. जे आधीपासूनच आठला बंद करत होते त्यांना नाही. पहिल्या फेरीची मुदत १५ जूनला संपते, म्हणजे एकच आठवडा राहिलाय.

फॉर्म भरून देतो, मिळालेल्यातले वीस टक्के द्या, असं म्हणणारे आमच्या भागात फिरतायत. पैसे घेऊन सरकारी अर्ज लिहून देण्याचा परवाना ग्योसेइशोशीकडे असतो. परवाना विचारा. एरवी यात काहीही अवघड नाही, दोन तास आणि थोडा धीर लागतो.

बाकी उद्या. डोळे मिटायला लागलेत.

---

पराग_योकोहामा | ७ जून, रात्री ११:२५

अनघाताई, फार गरजेचं लिहिलंत. एक शंका, आणि ती माझ्यासारख्या पुष्कळांना आहे. मी पुढच्या वर्षी एइज्युसाठी, कायम वास्तव्यासाठी अर्ज करणार आहे. ऑफिसातला एक जण म्हणाला, सरकारकडून पैसे घेतलेस की फाइलवर शेरा पडतो आणि एइज्यु अडतो. म्हणून आम्ही तिघांचा फॉर्म तसाच ठेवलाय. घेऊ की नको?

---

निशिकासाईची_अनघा | ८ जून, सकाळी ७:१०

परागदादा, घ्या. आजच भरा.

ही मदत नोंदवहीतल्या प्रत्येकाला आहे, पंतप्रधानांनाही आणि तुम्हालाही. ती म्हणजे गरिबीसाठीचा निर्वाहभत्ता, सेइकात्सु होगो, नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाली की अशा अफवा उठतात.

एइज्युच्या वेळी काटेकोर पाहतात ते वेगळंच : कर, निवृत्तिवेतनाचे हप्ते, आरोग्य विम्याचे हप्ते, आणि ते *वेळेवर* भरलेत का. गेल्या वर्षापासून तर फारच बारकाईने पाहतात. म्हणजे १ लाख नाकारायचे आणि तंगीत विम्याचा हप्ता चुकवायचा, यात दुहेरी नुकसान. कमाई घटली असेल तर कुयाकुशोत जाऊन विम्याच्या हप्त्यात सवलत मागता येते, तीस टक्के किंवा जास्त घट असेल तर त्यासाठी खास सोय केलीय. करासाठी, उत्पन्न साधारण वीस टक्के घटलं असेल तर एक वर्षाची मुदत आहे. अर्ज करून घेतलेली मुदत वेगळी आणि न भरता गप्प बसणं वेगळं. पावती, मंजुरीचं पत्र, सगळं एका फाइलीत लावा.

---

हिंग_जिरं | ८ जून, दुपारी ३:०२

आमचं फुनाबाशीला छोटं उपाहारगृह, नवरा-बायको आणि चार कामगार : दोन आचारी, दोन अर्धवेळ विद्यार्थी. आम्ही चिबात, त्यामुळे तोक्योचे ५ लाख आम्हाला नाहीत, ते कळलं. जिझोकुकाचा अर्ज मेमध्येच केला, बावीस दिवसांनी पैसे आले. त्यामुळे भाडं निघालं.

माझा प्रश्न कामगारांचा. दोन्ही आचारी आमच्याच भरवशावर इथे आलेले. त्यांना काढायचं आमच्या मनात नाही, पण सहा जणांचं पोट भरेल एवढं गिऱ्हाईक नाही. दुपारी बारा डबे जातात, रात्री दोन टेबलं. गेल्या मंगळवारी तोक्यो अलर्ट, म्हणजे साथ परत वाढत असल्याचा इशारा, लागला, रेनबो ब्रिज लाल झाल्याचं टीव्हीवर दिसलं आणि ठरलेली दोन बुकिंगंही रद्द झाली. कोयो चोसेई जोसेइकिन म्हणून काही आहे असं ऐकते. समजेल असं कोणी सांगेल का?

---

रेवती_कावासाकी | ८ जून, रात्री ९:४८

वहिनी, मी एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. गेले दोन महिने हेच करतेय.

मालकाच्या बाजूच्या कारणाने कामगाराला घरी बसवलं तर त्याला सरासरी मजुरीच्या किमान ६० टक्के द्यावेच लागतात. याला क्यूग्यो तेआते म्हणतात, कायदाच आहे, आणि तो भारतीय, नेपाळी, जपानी सगळ्यांना सारखा. तुम्ही हे पैसे कामगाराला दिलेत की त्यातला मोठा हिस्सा सरकार *तुम्हाला* परत करतं. ते म्हणजे कोयो चोसेई जोसेइकिन. विद्यार्थी रोजगार विम्यात बसत नसतील तर त्यांच्यासाठी याच धर्तीची वेगळी योजना आहे, त्यांनाही वगळू नका.

आत्ता दिवसाला ८,३३० येनची मर्यादा आहे. ती १५,००० करायचं दुसऱ्या पुरवणी अंदाजपत्रकात आहे, संसदेत चर्चा चालू आहे.

तीन गोष्टी आजपासून करा. कोण कुठल्या दिवशी घरी बसणार याचा लेखी करार, कामगारांच्या प्रतिनिधीच्या सहीने. हजेरीपत्रक, सुट्टीचे दिवस वेगळे दाखवून. आणि पगाराच्या चिठ्ठीवर क्यूग्यो तेआते स्वतंत्र ओळीत. अर्ज परत येतात ते बहुतेक या तिसऱ्या गोष्टीपायी. सगळं एका रकमेत घातलं की मजुरी किती आणि भत्ता किती हे तपासणाऱ्याला दिसत नाही.

---

हिंग_जिरं | ८ जून, रात्री १०:१५

रेवती, देव तुझं भलं करो. आजच वही काढते. आम्ही आतापर्यंत आचाऱ्यांना "असेल तसं देऊ" म्हणत होतो आणि तेही बिचारे मान डोलवत होते. त्यांना साठ टक्क्यांचं माहीत नव्हतं आणि आम्हालाही.

---

निशिकासाईची_अनघा | ९ जून, रात्री ९:३०

वहिनींनी शेवटी जे लिहिलं, त्यासाठी त्यांना नमस्कार. मालकाने असं उघडपणे म्हणायला धैर्य लागतं.

आता कामगारांच्या बाजूने, कारण आचारीकाकांसारखे पुष्कळ जण हे वाचणारही नाहीत, त्यांना कोणीतरी सांगावं लागेल.

नोकरी सुटली तर १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं. हे मालकाचं काम नाही, तुमचं. टपालानेही होतं. आचाऱ्याचा व्हिसा स्वयंपाकाच्या कामाचा असतो. नोकरी गेली म्हणून दुसऱ्या दिवशी व्हिसा रद्द होत नाही, पण तीन महिने काहीच न करता राहिलात आणि सबळ कारण दाखवता आलं नाही, तर तो काढून घेता येतो. काम शोधतोय याचा पुरावा जपून ठेवा : हॅलो वर्कला, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत, गेलात त्याची चिठ्ठी, केलेल्या अर्जांची उत्तरं. रोजगार विमा भरलेला असेल आणि मालकाने काढलं असेल, तर आधीच्या वर्षात सहा महिने भरलेले असले तरी भत्ता मिळू शकतो. पगाराची चिठ्ठी काढून बघा, कोयो होकेन अशी कपात आहे का.

घरात आजच्या भाजीलाही पैसे नाहीत अशी वेळ असेल तर शाक्यो, म्हणजे समाजकल्याण परिषदेच्या कार्यालयात जा. कमाई घटलेल्यांना २० लाख नव्हे, नीट वाचा, २ लाख येनपर्यंत बिनव्याजी, बिनजामिनाचं उसनं मिळतं. परदेशी माणसालाही.

व्हिसाची मुदत संपत आलेल्यांसाठी : मार्च ते जुलैच्या दरम्यान मुदत संपत असेल तर मुदतवाढीचा अर्ज त्या तारखेनंतर तीन महिन्यांपर्यंत घेतला जातोय. म्हणून शिनागावाच्या इमिग्रेशन कचेरीबाहेर पहाटेपासून दाटीवाटीने उभं राहू नका.

---

सदाशिव_ते_सुमिदा | १० जून, रात्री १२:५०

ताई, माझं घर पुण्यात अडकलंय. बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी ८ मार्चला गेल्या, मेहुणीच्या लग्नाला. २२ मार्चपासून भारताने विमानं बंद केली. वाट बघत होतो, आणि २७ मेपासून जपानने भारताला बंदीच्या यादीत टाकलं. बायकोचा व्हिसा माझ्यावर अवलंबून, एइज्यु नाही, त्यामुळे तिला सध्या प्रवेश नाही. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, माझी सायकल गंजली का?" रोज पुसतो.

१ लाखाचं कळलं, तिघांचा फॉर्म भरला. पण मी जाऊन त्यांना घेऊन येऊ का? अडकलेल्या भारतीयांना नेणाऱ्या वंदे भारतच्या विमानात जागा मिळतेय.

---

रेवती_कावासाकी | १० जून, सकाळी ८:०५

दादा, जाऊ नका. हात जोडून सांगते. आत्ता तुम्ही बाहेर पडलात तर तुम्हालाही आत येता येणार नाही. मग नोकरी, भाड्याचं घर, व्हिसा, तिन्ही टांगणीला लागतील आणि त्या दोघींना परत यायला इथे कोणी उरणार नाही. आई-वडील अत्यवस्थ अशी वेळ असेल तर आधी इमिग्रेशनशी बोला, मग तिकीट.

---

निशिकासाईची_अनघा | १० जून, सकाळी ८:४०

रेवती म्हणते तेच. आणि तुमच्या पत्नीच्या बाबतीत दोन तारखा आत्ताच कागदावर लिहून भिंतीला लावा. पहिली, झाइर्यू कार्डाची मुदत. दुसरी, ८ मार्च २०२१. नुसत्या झाइर्यू कार्डावर बाहेर गेलेल्या माणसाला निघाल्यापासून एका वर्षाच्या आत परत यावं लागतं, कार्डाची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंतच. हे बाहेर बसून वाढवून मिळत नाही.

विमानतळावर जाताना त्यांनी तो छोटा कागद भरला होता ना, परत येणार आहे या चौकटीत खूण करून? पासपोर्टात तो चिकटवलेला असेल. फोटो मागवून घ्या. इथे मात्र खूण हवीच होती. काकांच्या फॉर्मवर करायची नव्हती, इथे न करून चाललं नसतं. चौकटीशेजारी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही, असं मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय.

---

सदाशिव_ते_सुमिदा | १० जून, रात्री ९:१२

फोटो आला. खूण आहे. कार्ड २०२२ पर्यंत आहे. आज दोन महिन्यांनी नीट जेवलो.

---

दुभाषी_मेधा | १३ जून, सकाळी ११:२०

मी दवाखान्यांत हिंदी-मराठी-जपानी दुभाषी म्हणून काम करते. तब्येतीबद्दल या धाग्यावर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडे ताप आला की सरळ डॉक्टरांकडे जाऊन बाकावर बसायची सवय. इथे सध्या ते अजिबात करू नका, आधी फोन. ३७.५ ताप चार दिवस असेल तरच विचारा, हा जुना नियम ८ मे रोजी काढून टाकला, तरी अजून तोच सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. श्वास लागतोय, अंगात त्राणच नाही, खूप ताप आहे, यातलं एक जरी असलं तर दिवस मोजू नका, होकेनजोच्या, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यालयाच्या, सल्ला केंद्राला लगेच फोन करा. साधा ताप-खोकला पण मधुमेह आहे, दिवस गेलेत, वय झालंय, तरीही लगेच.

लोक फोन करत नाहीत याचं कारण मी रोज ऐकते : खर्च. डॉक्टरांनी सांगितलेल्या चाचणीचा रुग्णाच्या वाट्याचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. लागण झाल्यावर दाखल केलं तर उपचाराचा भारही सरकार घेतं. परदेशी आहे म्हणून वेगळं बिल नाही. मागच्या महिन्यात एक तरुण आठ दिवस खोलीत पडून होता. मित्र दाराबाहेर वरण-भात ठेवून जायचे. मी फोनवर होकेनजोच्या बाईंशी बोलले तेव्हा त्याला एका वाक्यात दोनदा थांबून श्वास घ्यावा लागत होता. तो वाचला. पण ते आठ दिवस उगाच गेले.

एक कागद आजच लिहा आणि फ्रिजवर लावा. काताकानात नाव, जन्मतारीख, पत्ता, विमा कार्डाचा क्रमांक, चालू गोळ्यांची नावं, ॲलर्जी, आणि जपानी बोलणाऱ्या एका माणसाचा फोन. ताप चढलेला असताना परक्या भाषेत स्वतःचा पत्ता सांगता येत नाही.

---

पराग_योकोहामा | १३ जून, दुपारी १:४५

मेधाताई, लिहून लावला. झाइर्यू कार्डावरचा पत्ता जुना निघाला! मार्चमध्ये घर बदललं, सगळं बंद होतं म्हणून राहून गेलं होतं. नवीन पत्ता १४ दिवसांत कळवायचा असतो ना? आता काय?

---

निशिकासाईची_अनघा | १३ जून, दुपारी ४:००

सोमवारी उघडल्या उघडल्या कुयाकुशोत जा आणि उशिराचं कारण खरं सांगा. साथीमुळे उशीर झालेल्यांना ते समजून घेतायत. तुमचा १ लाखाचा फॉर्म जुन्या पत्त्यावरचा असणार, तेही तिथेच विचारा. जुन्या गावची नोंद असेल तर अर्ज तिथल्या कार्यालयाकडे जाईल.

दादा, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय. या देशात आपल्याला मिळणारं जवळजवळ सगळं त्या एका नोंदीवर उभं आहे. तोक्योतल्या एदोगावा प्रभागाच्या सभेत गेल्या वर्षी योगेंद्र पुराणिक निवडून आले तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. आपल्यातला माणूस निवडून येण्याइतकीच, आपल्या प्रत्येकाची नोंद बरोबर असणं ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

फुनाबाशीच्या वहिनी, तुमच्यासाठी : काल, १२ तारखेला, पुरवणी अंदाजपत्रक मंजूर झालं. मर्यादा १५,००० झाली, तीही १ एप्रिलपासून मागे जाऊन. कोणालाही न काढणाऱ्या छोट्या धंद्यांना दिलेल्या भत्त्याची पूर्ण भरपाई. म्हणजे साठऐवजी शंभर टक्के दिलेत तरी मर्यादेच्या आत ते परत येतील.

---

हिंग_जिरं | २१ जुलै, दुपारी ४:२०

खूप दिवसांनी आले. दोन्ही आचारी आहेत, विद्यार्थीही आहेत. एप्रिल-मेचा फरक काढून सगळ्यांना पूर्ण पगार दिला. रेवतीचं ते स्वतंत्र ओळीचं ऐकलं म्हणून पहिल्या फटक्यात मंजूर झालं. धाकट्या आचाऱ्याने पैसे मोजले, परत मोजले, आणि म्हणाला, "वहिनी, यात चूक तर नाही ना?"

१४ जुलैपासून भाड्याची मदत सुरू झालीय, याचिन शिएन. मेपासूनच्या एखाद्या महिन्यात विक्री निम्मी झाली असेल किंवा सलग तीन महिन्यांत मिळून तीस टक्के घटली असेल तर मिळते. आमचं भाडं २ लाख ४० हजार. त्याचे दोन तृतीयांश, १ लाख ६० हजार, असे सहा महिन्यांचे ९ लाख ६० हजार एकदम. भाडेकरार काढून ठेवा. आमचा करार आधीच्या मालकाच्या नावाने होता, तिथे आठ दिवस गेले. घरमालक आजोबांनी दुकानात येऊन नवीन कागदावर शिक्का दिला आणि जाताना दोन डबे विकत घेतले.

ज्यांच्या मालकाने भत्ता दिलाच नाही त्या कामगारांनाही १० जुलैपासून स्वतः अर्ज करता येतो. मजुरीच्या ८० टक्के, दिवसाला ११,००० पर्यंत. तुमच्या ओळखीतल्या आचाऱ्यांना सांगा.

---

निशिकासाईची_अनघा | २१ जुलै, रात्री १०:०५

वहिनी, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आचारीकाकांचे ४ लाखही परवा जमा झाले. त्यांनी पासबुक आणून दाखवलं, तेच कापलेल्या नावाचं.

---

सदाशिव_ते_सुमिदा | २७ सप्टेंबर, सकाळी ६:३०

दोघी आल्या.

मागून येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो. १ सप्टेंबरपासून इथल्या सगळ्या रहिवाशांना परत यायची मुभा मिळाली. आधी मुंबईच्या जपानी वकिलातीकडून पुनःप्रवेशाच्या कागदांचं पत्र घ्यावं लागलं. मग विमान निघण्याआधी ७२ तासांच्या आत कोरोनाची चाचणी. वेळ मोजायची ती नमुना दिल्यापासून. पुणे-दिल्ली विमान आणि मधला मुक्काम धरला तर हातात फार थोडे तास उरतात. अहवाल जपान सरकारच्या नमुन्यावरच घ्या. पहिल्या प्रयोगशाळेने स्वतःच्या छापील कागदावर दिला, त्यात नमुना कुठून घेतला तो रकाना नव्हता आणि डॉक्टरांची सही नव्हती. माझ्या सासऱ्यांनी जपानी नमुना छापून नेला, समोर उभं राहून भरून घेतला. पासपोर्ट क्रमांक दोनदा ताडून पाहिला.

उतरल्यावर परत चाचणी, मग १४ दिवस घरात. आगगाडी, बस, टॅक्सी चालत नाही. मित्राची गाडी मागून घेतली होती. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. सायकल दारातच ठेवली होती, पण तिला ती आता लहान होते.

---

नवी_मुंबईची_स्नेहल | २७ सप्टेंबर, सकाळी १०:१८

दादा, खूप आनंद झाला! मी वाशीत अडकलेय, १९ ऑक्टोबरचं तिकीट आहे. तो जपानी नमुना दोन वर्षांच्या मुलासाठीही वेगळा लागतो का?

---

सदाशिव_ते_सुमिदा | २७ सप्टेंबर, सकाळी १०:३१

हो, माणशी एक. मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, मधल्या नावासकट. तीन प्रती काढून घ्या, एक बॅगेत, दोन हातात.